वाचनाची चाल

शेतातल्या प्रत्येक कामाची चाल वेगळी. बैलाच्या नांगरानं दिवसाकाठी अर्धा एकर निघाला तरी पुष्कळ झालं. हलकं काम असलं की तीच जोडी तिफणीला जुंपायची, तेवढ्याच वेळात चार एकर पेरून मोकळं. आणि खुरपायला बसलेली बाई दिवसभरात किती पुढं सरकली, ते बांधावरून जाणाऱ्याला दिसतही नाही. म्हणून काही कुणी खुरपणारणीला आळशी आणि तिफणवाल्याला हुशार म्हणत नाही. कामाला जी चाल लागते ती लागते.

वाचण्याचंही असंच आहे. पण आता आपण सगळ्यांना एकाच गजानं मोजायला लागलो. भराभर वाचतो तो हुशार, ओळीवर बोट ठेवून वाचतो तो अडाणी. आमच्या भागात लोक कसे वाचत आले, काय वाचत आले आणि वाचता न आल्यानं काय गमावून बसले, हे पाहिलं की हा गज काही खरा वाटत नाही. म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो.

आमचं गाव पैठण तालुक्यातलं. पैठण म्हंजे एकनाथ महाराजांचं गाव. नाथांनी लिहिलं पुष्कळ, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण नाथ वाचक कसे होते, याचा विचार कमी होतो. ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ मध्ये, म्हंजे इसवी सन १२९० ला, आमच्यापासून जवळच नेवाशाला. पुढं तीनशे वर्षं ती हातानं उतरवून घेतली जात होती. उतरवणाऱ्याला झोप आली, एक ओळ गळाली. कुणाला शब्द कळला नाही, त्यानं आपल्या ओळखीचा घातला. कुणाला वाटलं आपणही दोन ओव्या जोडाव्यात. असं होता होता जेवढ्या प्रती तेवढे पाठ झाले. नाथांनी प्रती जमवल्या, एकीला एक लावून अक्षर न् अक्षर वाचलं आणि शके १५०६ म्हंजे १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली. आज आपण जी ज्ञानेश्वरी हातात घेतो तिच्यामागं हे वाचन आहे. भराभर वाचणाऱ्याचं ते काम नव्हतं. भराभर वाचणारा चुकलेला शब्दही मनानंच दुरुस्त करून पुढं जातो, त्याला चूक दिसतच नाही. सावकाश वाचणारा अडखळतो, आणि अडखळतो म्हणूनच त्याला चूक सापडते.

त्या काळातली पोथी पाहिलीय का कधी? ओळीत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. अक्षराला अक्षर चिकटून, सगळी ओळ एकसलग. मोडीचंही तसंच. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं वळवत जायचं. शब्द कुठं संपला आणि कुठं सुरू झाला, ते वाचणाऱ्यानं शोधायचं. असं लिखाण नुसत्या डोळ्यानं वाचता येत नाही, तोंडानं म्हणावं लागतं. कानाला ऐकू आलं की मग शब्द सुटा होतो. म्हणून आपले जुने लोक मोठ्यानं वाचायचे. ओठ मिटून वाचणाऱ्याला आमची आजी म्हणायची, "ह्ये वाचतंय का नुसतं बघतंय?"

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. रोमन लोकांच्या पुस्तकातही शब्द असेच चिकटलेले असायचे. चौथ्या शतकात मिलान शहरातले बिशप अँब्रोस पुस्तक वाचताना तोंडानं काहीच बोलत नाहीत, डोळेच तेवढे फिरतात, याचं ऑगस्टिन या संताला इतकं नवल वाटलं की त्यानं ते लिहून ठेवलं. शब्दांमध्ये जागा सोडायची रीत पुढं सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या धर्मगुरूंनी पाडली. आणि त्याहून जुनी एक गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीच्या ग्रीक शिलालेखांत एक ओळ डावीकडून उजवीकडं जायची आणि दुसरी उजवीकडून डावीकडं परत यायची. या पद्धतीला त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ, नांगराचा बैल वळतो तसं. म्हंजे लिहिण्या-वाचण्याला पहिली उपमा सुचली ती शेतकऱ्याच्या कामातून.

आमच्या गावात चातुर्मासात पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा हरिविजय, पांडवप्रताप, नाहीतर नवनाथ. पण सगळ्यांत लांब चालायचं ते नाथांचं भावार्थ रामायण. त्याच्या ओव्या पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात आहेत. युद्धकांड चालू असताना नाथांनी देह ठेवला आणि उरलेलं त्यांचा शिष्य गावबा यानं पुरं केलं, असं मानतात. एवढं लिहायला लिहिणाऱ्याचा जन्म पुरला नाही, मग वाचणाऱ्याला काय घाई? एक वाचक असायचा आणि एक सूचक. वाचक चालीत एक ओवी म्हणायचा आणि थांबायचा. सूचक तिचा अर्थ आपल्या रोजच्या बोलीत सांगायचा. कंदिलाच्या उजेडात दोन तास बसलं तरी कधी एक अध्याय व्हायचा, कधी अर्धाच.

या बैठकीची मला मोठी वाटते ती गोष्ट अशी की ऐकणारा मधेच थांबवू शकत होता. ज्याला अक्षरओळख नव्हती तो सालगडीसुद्धा म्हणायचा, "थांबा, त्यो शब्द काय आला? पुन्यांदा म्हणा." आणि वाचक पुन्हा म्हणायचा. वाचन सगळ्यांत सावकाश समजणाऱ्याच्या चालीनं चालायचं. सगळे मिळून मोट ओढल्यासारखं.

पण याच्यात एक वंगाळ बाजू होती, तीही सांगायला पाहिजे. त्या बैठकीत सगळ्यांना सारखी जागा नव्हती. कुणी सतरंजीवर, कुणी पायरीखाली, आणि काहींना तर लांबूनच कान द्यावा लागायचा. नाथांच्या पोथीसमोर हे चालायचं! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराजवळ येऊच दिलं नाही त्यांना सावकाश वाचनाचं कौतुक सांगणं सोपं नाही. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढं त्याचं नाव मिलिंद झालं. तिथं नागसेनवनात घरातला पहिलाच वाचणारा असलेली किती पोरं आली असतील! स्वतः बाबासाहेबांची वाचायची भूक अशी की पुस्तकं राहावीत म्हणून त्यांनी मुंबईत दादरला राजगृह बांधलं. आमच्या मराठवाड्यात 'अनुशेष' हा शब्द लहान पोरालाही कळतो. रस्त्यांचा अनुशेष, पाण्याचा अनुशेष. ज्यांच्या वाट्याला शेकडो वर्षांचा अक्षराचा अनुशेष आला, त्यांना वेगानं वाचायची गरज होती. त्यांची घाई मला चुकीची वाटत नाही.

वाचनाचा एक तिसरा वेगही आमच्याकडं आहे, तो सप्ताहाचा. वैजापूर तालुक्यातल्या सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण आता गावोगाव सप्ताह बसतो. त्यात सात दिवसांत ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. मी एकदा सहज हिशोब मांडला. ज्ञानेश्वरीच्या ओव्या ९०३३. सातनं भागल्या तर दिवसाला १२९०. सकाळचे चार तास धरले तर मिनिटाला पाच-साडेपाच ओव्या. एका ओवीत नऊ-दहा शब्द धरले तर मिनिटाला पन्नासेक शब्द झाले. हा वेग समजून घ्यायचा नाही, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा आहे. ज्याला अडखळायला होतं त्याला शेजारचा आवाज ओढून नेतो. आणि तीच ज्ञानेश्वरी रोज नऊ ओव्या अशी वाचली तर हजार दिवस लागतात, म्हंजे पावणेतीन वर्षं. आमच्या गावात दोन्ही पद्धतीनं वाचणारे आहेत. ते एकमेकांना कमी लेखत नाहीत.

आता कागदाचं बोलू. पोथी हळू वाचली काय आणि भरभर वाचली काय, पुण्य कमी-जास्त होत असेल तर होवो. पण कागद नीट वाचला नाही तर जमीन जाते.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी उठाव केला आणि तो गावोगाव पसरला. त्यांनी सावकारांकडचे खतं-रोखे काढून घेतले आणि जाळले. का जाळले? त्या कागदात काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्या कागदानं आपली जमीन जातेय हे कळत होतं. त्यानंतर १८७९ साली सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात असं होतं की शेतकऱ्यानं द्यायचं खत सरकारनं नेमलेल्या नोंदणी करणाऱ्याच्या देखरेखीखाली लिहिलं गेलं पाहिजे, नाहीतर ते चालायचं नाही. म्हंजे ज्याला वाचता येत नाही त्याच्या बाजूनं बघणारा कुणीतरी असावा, एवढं तरी मान्य झालं.

हा कायदा इंग्रजी मुलखातला. आमचा मुलूख निजामाचा, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. इथं कचेरीची भाषा उर्दू. आमच्या आज्यापणज्यांच्या जमिनीचे कागद उर्दूत, सावकाराची वही मोडीत आणि आजा बोलायचा मराठी. स्वतःच्या शेताचा कागद स्वतःला वाचता येत नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. मुनशी वाचून सांगेल ते खरं. आणि मुनशीला वेळ किती? तो आपल्या चालीनं वाचायचा आणि पुढच्या माणसाला हाक मारायचा. पोथीच्या बैठकीत जो आजा "पुन्यांदा म्हणा" म्हणायचा, तो कचेरीत गप उभा राहायचा.

त्या कागदांचं महत्त्व अजून संपलेलं नाही. २०२३ साली मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांची गरज पडली. एकेका पानावर भिंग धरून जुने जाणते लोक अक्षर लावत बसले. तिथं वेगाचा काही उपयोग नव्हता.

आता आमच्या गावचीच एक गोष्ट. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या शिवारात पाझर तलाव झाला. त्यात काही खातेदारांची जमीन गेली. काही वर्षांनी मोबदल्याच्या नोटिसा आल्या. मी तेव्हा नुकताच दहावी झालो होतो. गावात शहरात शिकलेला एक पोरगा होता, त्यानं पारावर उभं राहून नोटीस झरझर वाचली आणि सांगितलं, "पैशे मंजूर झाले, फलाण्या तारखेला घ्यायला बोलावलंय." लोक खूश होऊन घरी गेले.

पोथी वाचणारे एक आबा होते, त्यांचीही दीड एकर जमीन गेली होती. त्यांचं शिक्षण जुनी चौथी. त्यांनी आपली नोटीस घरी नेली आणि पोथी वाचतात तशी बोट ठेवून, ओठ हलवत वाचली. एक रात्र, दोन रात्री, तीन रात्री. चौथ्या दिवशी पारावर येऊन त्या पोराला म्हणाले, "बाळा, ह्यात कलम अठरा लिवलंय. त्ये काय असतं?"

पोरगा म्हणाला, "आबा, असतंय तसं समद्याच कागदात. त्याच्यात काय नसतं."

आबा म्हणाले, "नसतं तर लिवलं कशाला? कागद काय फुकट येतो व्हय?"

पोथीत एखादा शब्द उगीच येत नाही, यावर त्यांचा विश्वास होता. तोच नियम त्यांनी नोटिशीला लावला. एसटीनं शहरात गेले आणि एका वकिलाला विचारलं. तेव्हा भूसंपादनाला १८९४ चा कायदा होता. त्याच्या कलम १८ प्रमाणे मोबदला कमी वाटला तर प्रकरण कोर्टाकडं पाठवा असा अर्ज करता येत होता, पण त्याला मुदत असायची. नोटीस हातात पडल्यापासून सहा आठवडे. आणि त्याहून महत्त्वाचं असं, की पैसे उचलताना 'हरकत राखून' असं लिहून सही करावी लागायची. तसं न लिहिता पैसे घेतले की तो मोबदला तुम्हाला कबूल आहे असं धरायचे, मग अर्ज करायचा हक्कच जायचा. हरकत राखून. दोन शब्द.

आबा परत आले तोवर बऱ्याच जणांनी पैसे उचलले होते. अंगठा लावून, नाहीतर सही ठोकून. राहिलेल्या चौघांनी ते दोन शब्द लिहिले आणि मुदतीत अर्ज केला. पुढं काही वर्षांनी कोर्टानं त्यांचा मोबदला वाढवून दिला. एकाच बांधाला बांध असलेली जमीन, एकाच तलावात बुडालेली. चौघांना वाढीव पैसे मिळाले, बाकीच्यांना नाही. १९८४ साली कायद्यात कलम २८ अ आलं. त्यानं ज्यांनी आधी अर्ज केला नव्हता त्यांनाही, शेजाऱ्याचा मोबदला कोर्टानं वाढवला तर तीन महिन्यांत अर्ज करायची सोय झाली. पण आमच्या गावचा निकाल त्याच्या आधीच लागून गेला होता.

यातून कुणी असा अर्थ काढील की हळू वाचणाराच शहाणा. तसं नाही. त्या पोराला आम्ही कधी दोष दिला नाही, त्यानं चांगल्या मनानं वाचून दाखवलं होतं. खरी अडचण वेगळी होती. ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्यातले बहुतेक हळू वाचणारे नव्हते, अजिबात न वाचणारे होते. आणि आबांना तीन रात्री लागल्या, कारण त्यांना तेवढंच वाचता येत होतं. त्यांच्याकडं तीन रात्री होत्या म्हणून भागलं. ज्याच्या घरी संध्याकाळची भाकर नाही त्यानं तीन रात्री कुठून आणायच्या? म्हणून मला वाटतं, कमीत कमी एक वेग प्रत्येकाच्या अंगी पाहिजेच. वाक्य वाचता वाचता सुरुवातीचा शब्द विसरायला झाला तर शेवटी अर्थ काय हाती लागणार? रहाटाची गाडगी फारच हळू वर आली तर पाटात पाणी वाहतच नाही, तिथंच जिरतं.

२०२१ साली केंद्र सरकारनं निपुण भारत अभियान आणलं, ते याच कारणानं. त्यात ठरलंय की दुसरीच्या पोरानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या पोरानं किमान ६० शब्द, अर्थ समजून, वाचावेत. माझी नात तिसरीत आहे. तिच्या शाळेत गुरुजी मोबाईलवर वेळ लावून वाचायला बसवतात. ती घरी येऊन मला सांगते, "आबा, आज माझे बहात्तर झाले." चांगलं आहे. पण त्या ओळीतले 'अर्थ समजून' हे दोन शब्द घड्याळात दिसत नाहीत, आणि पोरांना घड्याळच तेवढं दिसतं. मी तिला म्हणतो, "बहात्तर झाले ते झाले. आता यातला तुला न कळलेला एक शब्द मला विचार." पहिल्या पहिल्यांदा तिला राग यायचा. न कळलेला शब्द सांगायचा म्हंजे कमीपणा, असं तिला वाटायचं. आता ती रोज एक शोधून आणते. परवा तिनं विचारलं, "मुदत म्हंजे काय?"

पेपर मात्र वेगानंच वाचावा. अनंत भालेरावांचा दैनिक मराठवाडा आमच्या गावात एसटीनं यायचा. चहाच्या हॉटेलात एक जण मोठ्यानं वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. १९८२ ला औरंगाबादहून लोकमत निघायला लागला, मग पेपर वाढले, वाचणारेही वाढले आणि जो तो आपापला पेपर मनातल्या मनात वाचायला लागला. त्यानं वेग आला. बातमी चाळायची, भाव बघायचा, निधन वार्ता बघायची, आणि पेपर खाली ठेवायचा. यात काही वाईट नाही. चाळणीचं काम चाळणीनं करावं. पण डोळ्यांच्या हालचालीचा अभ्यास करणारे सांगतात की डोळा ओळीवरून सरकत नाही, टुणटुण उड्या मारत जातो, आणि उड्या फार लांब केल्या की मधलं सुटतं. वेगाचे क्लास लावून कुणी हजार शब्दांचा दावा करत असला, तर तो मधलं सोडून देतोय एवढंच. काय सोडलं ते त्यालाही माहीत नसतं.

आता तर कागदच राहिला नाही. पीक विमा मोबाईलवर, केवायसी मोबाईलवर, कर्जाची मंजुरीही मोबाईलवर. लांबच्या लांब मजकूर येतो, त्याच्या खाली एक चौकोन असतो, 'मला मान्य आहे.' आमची शिकलेली पोरं बोटानं तो मजकूर सर्रकन वर सारतात आणि चौकोनावर अंगठा टेकवतात. मी बघत असतो. माझा आजा कागदावर अंगठा उठवायचा, कारण त्याला वाचता येत नव्हतं. नातू अंगठा टेकवतो, कारण त्याला वाचायला वेळ नाही. मधल्या साठ-सत्तर वर्षांत शाळा झाल्या, कॉलेजं झाली, १९६७ च्या कायद्यानं गावोगाव ग्रंथालयं निघाली. अंगठा मात्र तसाच राहिला.

म्हणून पोरांना वेग जरूर शिकवा. तो असल्याशिवाय गत्यंतर नाही. पण थांबायचंही शिकवा. ज्याला भरभर वाचता येतं त्यालाच सावकाश वाचणं परवडतं, आणि कुठं सावकाश व्हायचं ते ओळखणं हेच खरं वाचता येणं. समोर माणूस बसलेला असो, मुनशी असो की मोबाईल, "थांबा, पुन्यांदा म्हणा" एवढं म्हणायची हिंमत त्यांच्या अंगात राहिली पाहिजे.